कुरडयांखालचं चित्र

मित्रांनो, मी चित्र छापलेला एक कॅनव्हास आहे. आता जुना झालोय. माझ्यात देव नाही, मोर नाही, धावते घोडे नाहीत. काळ्या रंगाचे जाड फटकारे आणि मधोमध तांबडा डाग, एवढंच माझं रूप. परभणीच्या एका दुकानात मी कितीतरी महिने कोपऱ्यात टांगलेलो होतो. लोक यायचे, मान वाकडी करून बघायचे आणि शेजारचा धबधबा घेऊन जायचे.

एक दिवस सविता आली. बोरीच्या शाळेत ती शिकवायची. माझ्यासमोर उभी राहिली ती हलेचना. दुकानदार म्हणाला, "ताई, ह्याच्यात काय हाय? धबधबा न्या, घर उजळून निघंल."

"मला दिसतंय ते. हेच द्या," ती हसून म्हणाली. काय आनंद झाला म्हणून सांगू!

तिनं मला बैठकीत, दारासमोर लावलं. शाळेतून आली की चहाचा कप घेऊन माझ्यापुढं बसायची. सासू कस्तुराबाई म्हणायची, "रोज काय बघायलीस गं त्या सारवणाकडं?" त्यात राग नव्हता, थट्टा होती.

मग सविताचा नवरा बालाजी मोटारसायकलवरून पडला. पाय मोडला. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. आजाऱ्याला भेटायला अख्खी गल्ली येते, चहा पिते आणि कारण शोधून देऊन जाते. शेजारच्या पार्वतीबाईंनी माझ्याकडं बोट केलं. "दारासमोर काळं-तांबडं टांगलंय, दुसरं काय होणार, माय!"

एकुलता एक लेक. कस्तुराबाईनं लगेच मला भिंतीवरून काढायला सांगितलं.

सविता म्हणाली, "आई, गाडी खड्ड्यात गेली. चित्रानं काय केलंय?"

"लेक माझा अंथरुणात हाय, अन् तुला चित्राचं पडलंय?"

सविता उठली. स्वतःच्या हातानं उतरवून तिनं मला सासूकडं दिलं.

कस्तुराबाईनं मला गच्चीवर पालथं टाकलं. उन्हाळ्याचे दिवस. माझी पाठ पांढरी, कोरी, ताणून बसवलेली. तिनं ती ओल्या फडक्यानं पुसली आणि वर कुरडया घातल्या. अहो, मी काय वाळवणाचं फडकं आहे? खाली गच्ची तापायची, माझा रंग तिला चिकटायचा आणि सुटताना सोलून निघायचा. बालाजीचा पाय डॉक्टरांनी सांगितला होता तेवढाच वेळ घेऊन बरा झाला. सविता मात्र सासूशी कामापुरतंच बोलू लागली.

पावसाळ्याच्या तोंडावर कस्तुराबाईनं मला उचललं, उलटं केलं आणि तिचा चेहराच उतरला. पोपडे निघालेले, तांबडा डाग तर ओळखूही येईना. पदरानं मला पुसत तिनं सविताला वर हाक मारली.

"मला काय कळंना बघ ह्यातलं. तुला काय दिसत व्हतं गं? सांग की, माय."

सवितानं मला हातात घेतलं. पुष्कळ वेळ बघितलं.

"आता न्हाई दिसत, आई."

मित्रांनो, कॅनव्हासला उन्हात ठेवू नका, ओलं फडकं लावू नका. आणि घरातलं माणूस एखाद्या गोष्टीपाशी रोज जाऊन बसत असेल, तर त्याला तिथं काय दिसतं, ते दिसतंय तोवरच विचारा.