अक्का काय म्हणाली

कुंभारवाड्यात विमलाक्काने मान डोलावल्याशिवाय कुठला सिनेमा चांगला ठरत नसे. सीमेजवळच्या रामनगरला तंबूत सिनेमे यायचे तेव्हापासूनचे सगळे तिच्या ध्यानात होते, कन्नड आणि मराठी दोन्ही. कन्नडमधली गाणी बरी, पण मारामारी संपता संपत नाही. मराठीतली नायिका इतकी रडते की बघणाऱ्याला रडायला काही उरतच नाही. आणि टीव्हीवरच्या विनोदी मालिकांत मागून हसण्याचे आवाज लावतात, म्हणजे कधी हसायचं तेही त्यांनीच सांगायचं! पडलेल्या माणसाला कुणीही हसतं. पडता पडता सावरणाऱ्याला बघून हसू आलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. संध्याकाळी बायका तिच्या पडवीत जमत, त्या निम्म्या तरी हे ऐकायला.

त्या दिवशी पडवी भरली होती. शेजारच्या केशरचा लेक नागराज पुण्यात हॉटेलात काम करता करता नाटकात शिरला होता आणि आज एका विनोदी मालिकेत दिसणार होता. नवरा गेल्यापासून केशर माणसांत बसत नव्हती. आज मात्र ठेवणीतलं लुगडं नेसून पुढे बसली होती.

मालिकेत एक म्हातारा आला. पांढरी दाढी, मोठी ढेरी, एक पाय ओढत चालणारा. शेणात घसरून पडला, उठला, पुन्हा पडला. नागराजची वाट बघून विमलाक्का कंटाळली होती.

"हे म्हातारं मधीच कशाला आणलंय?" ती म्हणाली. "असं पाय वडत कोण चालतंय गं? ह्याला धड पडायलाबी येत न्हाई."

बायका खदखदून हसल्या. तेवढ्याने भागलं नाही. विमलाक्का उठली आणि पाय ओढत दारापर्यंत चालून दाखवून आली. मालिका संपल्यावर तिने विचारलं, नागराज कुठं राहिला?

"त्यो म्हाताराच न्हवं का," केशर म्हणाली. "बापाचं चालणं घेतलंय त्यानं."

जंगलात ओंडका अंगावर येऊन केशरच्या नवऱ्याचा, लखूचा, पाय अधू झाला होता. तो पाय ओढत तो कित्येक वर्षं विमलाक्काच्याच अंगणातून ये-जा करत होता. तिला त्या म्हाताऱ्यात तो दिसला नाही, आणि केशरने एकटीने ओळखला. पडवीत कुणी कुणाकडे बघेना.

केशर उठली. नागराजचा फोन येईल, वर जाते, म्हणाली. वस्तीत रेंज नव्हती; वरच्या कातळावर गेलं तरच फोन लागे. नागराजने तिला आधीच सांगून ठेवलं होतं, बाकीच्यांचं राहू दे, अक्का काय म्हणाली तेवढं सांग.

विमलाक्का तिच्यामागून चढू लागली. काय बोलावं याची जुळवाजुळव करत होती, पण सुचेल त्या वाक्याला तिनेच कधीतरी कुठल्या तरी सिनेमात नावं ठेवलेली निघत. ती पोचली तेव्हा केशर फोनवर बोलत होती.

"व्हय रे. अक्का हसली की. लई हसली." मग तिने विमलाक्काला पाहिलं आणि फोन पुढे केला. "तूच बोल."

"अक्का, खरं सांग," नागराज म्हणाला. "तू उगं ग्वाड बोलत न्हाईस म्हणून इचारतोय."

"मी तुला वळखलंच न्हाई रे."

पलीकडे नागराज हसत सुटला. जवळच्या कुणाला तरी सांगत होता, आमच्या अक्कानं ओळखलं नाही म्हणजे जमलं. पुढचं सांगायला विमलाक्काने तोंड उघडलं. केशरने तिच्या हातातून फोन हळूच काढून घेतला आणि लेकाला जेवून घे म्हणून सांगितलं.

"बाकीचं त्याला सांगू नगो," उतरताना ती म्हणाली.

"न्हाई सांगत."

उतारावर केशरने नेहमीसारखा तिचा हात धरला होता. तिने तो सोडला तर बरं, असं विमलाक्काला वाटत होतं. घराशी आल्यावर केशर घुटमळली.

"फुडल्या आठवड्यातबी हाय त्यो. येऊ का बगायला?"

इतक्या वर्षांत त्या पडवीत यायला केशरने कधी विचारलं नव्हतं.