चाळीस पावलांचा चर

"नसरुभाई, मशीन बंद का केलंत? भरतीच्या आत चर समुद्राला मिळायला हवा!" अमोघ इंजिनिअर ओरडला.

नसरुद्दीन दुपारच्या नमाजासाठी पोकलेनमधून उतरला होता, तो चराच्या काठावर उकिडवा बसूनच राहिला. सकाळपासून काचेआड, एसीच्या गारव्यात त्याने चाळीस पावलं चर खणला होता. तेव्हा चिखलाचा वास आला नव्हता. आता आला. अमोघला तो सडक्या अंड्यांचा वाटला. नसरुद्दीनला रत्नागिरीकडच्या खाजणाचा, खाडीकाठच्या दलदलीचा, अम्मीच्या ओल्या हातांचा.

सौदीतल्या अल-खोबरहून तासभरावरच्या या कोळ्यांच्या गावात तिवरांच्या कडेने पर्यटकांसाठी पायवाट व्हायची होती. पाया कोरडा हवा, म्हणून पाणी समुद्रात काढून देणारा चर.

नसरुद्दीनने मूठभर काळा चिखल वर धरला. आत कुजलेल्या मुळांचे धागे.

"शेकडो वर्सांचा हाय, साहेब. पानी काढलंत की वाळंल, भुगा होईल, जमीन खचंल. आमच्या खाडीत असाच चर मारला होता. माज्या बापानंच. मुकादम म्हनला म्हनून. दोन वर्सांत तिसऱ्या-शिंपल्या गेल्या, कोळंबी गेली. मग आम्ही गेलो. इकडं."

"मला पर्यावरण शिकवू नका. नकाशा मंजूर आहे."

"नकाश्याला नाक नसतं."

अमोघ चिडला. "तुमचा इकामा पुढच्या महिन्यात संपतोय. परवाना वाढवायचा की नाही, तो रिपोर्ट मी देणार आहे, माहितीय ना? नोकरी जाईल, घरी जाल."

"घर हाय की मना."

तो केबिनमध्ये चढला. बादली फिरली, आणि उपसलेली माती परत चरात पडू लागली. अमोघ ओरडत धावला, वर चढून त्याने चावी काढून घेतली.

"खलास! उतरा खाली!"

नसरुद्दीन उतरला आणि त्याने फावडं उचललं. तसंही हे काम यंत्राचं नव्हतंच. काळा थर आधी, भुरा नंतर, वरची मुळांची साय शेवटी. जसं निघालं तसंच परत जायला हवं. उलटंसुलटं झालं तर खाजण धरत नाही, हे त्याच्याकडच्या बांध घालणाऱ्या पोरासोरांनाही ठाऊक.

पलीकडे जाळं सांधत बसलेला गावातला म्हातारा कोळी अबू हसन बघत होता. तो पकडायचा ती 'साफी' नावाची मासळी याच मुळांत वाढायची. तो उठला, सदरा कमरेला खोचून चिखलात उतरला.

"हादा तहत?" त्याने काळं ढेकूळ दाखवून, खाली बोट करत विचारलं.

"तहत. काळा खाली."

दोघं वाकले. नसरुद्दीनच्या ओठांवर अम्मीची ओवी आली:

काळं काळं पांघरूण खाडीमायच्या अंगावरी,
नको ओढू रे लेकरा, निजली कोळंबी तिच्या उरी.

ऊन कललं. अमोघ फोनवर ऑफिसशी बोलून परत आला. आवाज आता तितका चढा नव्हता.

"फायनल एक्झिट म्हणतायत, कायमचं परत पाठवणार. अजूनही हे थांबवलंत तर बघतो मी काहीतरी."

नसरुद्दीनने फावडं थांबवलं नाही.

"कारण तरी काय लिहू?"

"लिही, ऑपरेटरनं चर बुजवला. नाव पुरं लिही हां. नसरुद्दीन रहमतुल्ला. बापाचं नाव गाळू नको. त्याच्या नावावर येकच चर होता. आता येक बुजवलेला पन लागू दे."

अमोघने नाव लिहून घेतलं. भरतीचं पाणी घोट्यापर्यंत चढलं होतं. नसरुद्दीन चरातलं शेवटचं ढेकूळ टाचेने दाबत होता, हलक्या पावलांनी, निजलेल्याची झोप मोडू नये तसा.