मीटरचं झाड

माझ्या थोरल्याला फोनवर उद्याचं हवामान दिसतं, डोळ्यांसमोरचं झाड दिसत नाही. तीस वर्षं ही डाळिंबाची बाग मी जगवली. पान दुमडलं की पाणी, ताठ असलं की बंद, एवढंच माझं शास्त्र. यंदा त्याने हट्ट धरला, पाण्याचं मी बघणार. म्हटलं, बघ बाबा. एक हंगाम तुझा. पीक चांगलं आलं तर पाण्याचे कॉक कायमचे तुझ्या हातात, नाहीतर परत माझ्या.

मग आलं मीटर. त्याच्यासोबत एक सल्लागार, बुटाला माती लागली की रुमाल काढणारा. दोघांनी मिळून जमिनीत दांडी खुपसली. माती ओली की सुकी ते दांडी फोनला सांगणार, फोन थोरल्याला. मध्ये कुणी वाकायची गरजच नाही. शहाण्यांना कंबर असते ती खुर्चीत टेकायला.

दांडी बसवली मागच्या दाराजवळच्या झाडाखाली, कारण घरातलं वायफाय तेवढ्यापर्यंतच पोचतं. बागेत झाडं चारशे, बोलणारं एक.

तोडणी जवळ आली तरी फळं लिंबाएवढीच थबकलेली. दुपारी पानं दुमडून जायची. मी म्हटलं, "झाडं तहानलीत."

"आई, मीटर ओलं दाखवतंय. उलट पाणी जास्तच झालंय."

"मग बाजारात मीटरच ने विकायला."

"तुला नवं काही पटतच नाही."

मी भांडी विसळायला घेतली. खोटं कशाला बोलू, मजाही वाटली. होऊ दे फजिती.

सूनबाई माझी कमी बोलते. तिने खुरपं घेतलं आणि दहाव्या ओळीत वीतभर उकरलं. माती पिठासारखी. मग मागच्या दारी येऊन दांडीपाशी बोट घातलं, तर चिखल. नेमकी तेव्हाच मी भांडी विसळल्याची बादली त्या झाडाला ओतत होते. रोज दोन्ही वेळा ओतते, मोरी तुंबते म्हणून. तिने बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, ह्यांना सांगायचं ना?"

"मी सांगते."

सांगितलं, पण आठ दिवसांनी आणि अर्धंच. दहावी ओळ सुकी आहे, पाणी सोड, पण थोडं थोडं, दिवसाआड. तहानेने साल कडक झालीय, तिला सैल व्हायला वेळ दे. बादलीचं नाव काढलं नाही.

थोरला घाबरला. व्यापारी आठवड्यावर आलेला. त्याने सगळे कॉक उघडले आणि दोन दिवस बंदच केले नाहीत. झाडं घटाघटा प्यायली, आतले दाणे फुगले, साल मागे राहिली. तिसऱ्या सकाळी बघते तर ओळीच्या ओळी फळं उकललेली.

व्यापाऱ्याने एक फळ उचललं, दोन दाणे चघळले. "पाणचट लागतंय, मावशी. पेटीत नाही भरता येणार. रसाला द्या." एवढं बोलून गेला.

थोरल्याने दांडी उपटून ओट्यावर टाकली. "घे. कॉकही घे. माझ्याच्याने नाही होत."

हंगामभर मला हेच ऐकायचं होतं. सून भांडी पुसत होती. तिने मान वर केली नाही, आणि तेच मला टोचलं.

"दांडी खरं बोलत होती," मी म्हटलं. "त्या झाडाला पाणी मी घालत होते. भांड्यांचं."

त्याने दांडी पुन्हा उचलली. "तुला कळलं कधी?"

"फळं फुटायच्या आधी."

"आणि बोलली नाहीस?"

"तू वाकला नाहीस, मी बोलले नाही. एका झाडाला विचारून चारशे झाडं उपाशी मारणारा तू, आणि तुझी जिरावी म्हणून पीक घालवणारी मी. दोघांची अक्कल सारखीच. उद्यापासून पाणी ही बघेल."

सुनेने ताट जागेवर ठेवलं. "बघते. पण मध्ये कुणी बोलायचं नाही. तुम्हीसुद्धा नाही, आई."

या घरात मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी मान हलवली. थोरल्याने आधीच हलवली होती, त्याला सवय आहे.