झीलकरी

“तेइझो, अरे दाराशी काय बसलास पाहुण्यासारखा? पुढे ये. सेत्सुकोबाई गाणार, मग झील कोण धरणार? मी?” इवाओ ओरडला. टॅक्सी चालवणं सोडून त्याला बरीच वर्षं झाली होती, पण रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तसाच तो अजून बोलायचा.

तेइझो उठला. उठताना त्याने खुर्चीची, टेबलाची आणि कॉफी घेऊन येणाऱ्या फुसाएची अशी तिघांचीही मान लववून माफी मागितली.

बंदरामागच्या गल्लीतलं फुसाएचं कराओकेचं दुकान दुपारी म्हाताऱ्यांसाठी उघडं असे. गुरुवार लोकगीतवाल्यांचा. आज यंत्राशेजारच्या फळीवर कात्सुजीचा फोटो ठेवला होता आणि त्याच्यापुढे कॉफी, त्याला आवडायची तशी, दुधाची आणि भरपूर साखरेची. तो गेल्यानंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी मागच्या आठवड्यात उरकले होते. आज त्याचं गाणं त्याच्यासाठी म्हणायचं ठरलं होतं. त्याची बायको मिनेयो फोटोखालीच बसली होती, मांडीवर हात घेऊन. घरचं दुकान सोडून तिला कधी येताच आलं नव्हतं. इथे ती पहिल्यांदाच आली होती.

“बाई गातील तसं गाऊ द्या की,” तेइझो पुटपुटला. “माझी काय गरज?”

“जाळं ओढायचं गाणं आणि झिलीशिवाय?” सेत्सुकोबाई म्हणाल्या. त्या रीतसर गुरूकडे शिकलेल्या. गाण्यापूर्वी कोमट पाणी पीत, कॉफीला शिवत नसत. “एकानं ओढायचं, बाकीच्यांनी जोर लावायचा. तुम्ही कात्सुजीसानना देत होता तशीच द्या. तेवढंच त्यांना बरं वाटेल.”

तशीच द्या. तेइझोने फोटोकडे पाहिलं.

कात्सुजी मासळीच्या लिलावात बोली पुकारायचा. पहाटे बंदरावर त्याचा आवाज भोंग्याच्याही आधी पोचे. तेइझो तिथेच बर्फघरात होता. लाद्या फोडणाऱ्या यंत्रापाशी त्याचा जन्म गेला. त्या खडखडाटात कुणी कुणाशी बोलत नसे, आणि तेइझोला ते बरंच वाटे. लग्न राहून गेलं. कुणी विचारलं नाही आणि त्याने कुणाला विचारलं नाही. माणसांत मिसळायची त्याला सापडलेली वाट एकच: कात्सुजी गायला उभा राहिला की त्याच्या डाव्या हाताला बसायचं आणि ओळ संपली की ‘होऽ रे, होऽ रे’ करायचं. आख्खं गाणं त्याने उभ्या जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

त्या गाण्याची तिसरी ओळ लांब. जाळं पाण्यातून वर येईतो ती चालते, आणि ती एका दमात म्हणायची असते. तिथेच गाणाऱ्याची छाती कळते. कात्सुजीची ती ओळ ऐकायला शेजारच्या गावातून माणसं यायची. मग एका हिवाळ्यात, कात्सुजीने लिलाव सोडल्यानंतर कधीतरी, ओळीच्या मध्यावर त्याचा डावा खांदा एकदम वर आला. दम संपल्याचं तेइझोला दिसलं. विचार करायला वेळच नव्हता. जिथे झील नाही तिथे त्याने ती घातली, चांगली मोठ्याने, आणि तिच्या आडोशाला कात्सुजीने श्वास घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, नवी ठसकेबाज तऱ्हा काढली.

बसच्या थांब्यापर्यंत दोघं बरोबर चालत गेले. कात्सुजी सबंध वाटेत कोबीच्या भावाबद्दल बोलला.

त्यानंतर दर गुरुवारी ती झील तिथे पडू लागली. वर्षं गेली तशी ती ओळीत आणखी अलीकडे सरकली, मग एकीच्या दोन झाल्या. तेइझोची नजर खांद्यावर असे. खांदा हलला की हाक. ‘कात्सुजीची छाती म्हणजे देवमासा,’ असं बंदरात लोक शेवटपर्यंत म्हणत राहिले. या गोष्टीबद्दल दोघांत अवाक्षर निघालं नाही. कात्सुजीला ते कळतं, असं तेइझो धरून चालला होता. विचारायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

“चला, लावते हं,” फुसाए म्हणाली.

पडद्यावर समुद्र आला, अक्षरं आली. सेत्सुकोबाईंनी पहिली ओळ उचलली. आवाज स्वच्छ होता, धुतलेल्या तांदळासारखा. तेइझोने जागच्या जागी झील दिली. दुसरी ओळ, पुन्हा झील. इवाओने मान डोलावली. मिनेयोनेही डोळे वर केले.

तिसरी ओळ सुरू झाली. तेइझो सवयीने खांद्याकडे बघत होता, पण समोरचा खांदा सेत्सुकोबाईंचा होता आणि तो हलत नव्हता. बाईंचा सूर सरळ पुढे निघाला होता. गप्प बसायचं, असं त्याने स्वतःला बजावलं. पण छाती आधीच भरली होती. “होऽ रे!” दुकानभर त्याची हाक घुमली, भर ओळीत, बाईंच्या सुराच्या डोक्यावर.

बाई दचकल्या, सूर हलला, त्यांनी तो कसाबसा सावरला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. दुसऱ्या कडव्यात तेइझोने ओठ घट्ट मिटून धरले, आणि तिसरी ओळ आल्यावर ते आपोआप उघडले.

गाणं संपलं. यंत्राने गाण्याला दिलेले गुण दाखवले तेव्हा बाईंनी पडद्याकडे पाहिलंच नाही.

“तेइझोसान,” त्या शक्य तितक्या शांतपणे म्हणाल्या, “झील कुठे यायची ते पडद्यावर वेगळ्या रंगात येतं. तिथे दिली की झालं. मध्ये कशाला?”

“बाई, तुम्ही दोन कडव्यांत वैतागलात!” इवाओ खो-खो हसला. “कात्सुजीनं किती वर्षं सोसलं असेल! मला तर आत्ता कळतंय. हा असा कानाशी बोंबलत असायचा आणि तरी त्याची ओळ तुटायची नाही. एका दमात! काय छाती असेल, सांगा!”

“देवमासाच,” कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी फोटोकडे पाहिलं. मिनेयो मघापासून पहिल्यांदाच हसली. तिने पदर नीट करावा तसा स्वेटरचा काठ ओढला आणि ताठ बसली.

तेइझोने तोंड उघडलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ओळ तुटत होती, मी झाकत होतो. सगळे त्याच्याकडेच बघत होते. एवढी माणसं एका वेळी त्याच्याकडे कधी बघत नसत.

“चुकलंच माझं,” तो म्हणाला. “बर्फाच्या यंत्रानं कान खाल्लेत. ताल कळत नाही आताशा.”

“मग आधी नाही का सांगायचं!” सेत्सुकोबाई लगेच मऊ झाल्या. “पुढच्या खेपेला इवाओसान देतील झील. तुम्ही निवांत ऐका.”

“मी? बरं, देतो की. वाचता येतं मला,” इवाओ म्हणाला.

फुसाएने धुरावलेल्या मुळ्याच्या लोणच्याची बशी तेइझोपुढे सरकवली. त्याने एक फोड उचलली आणि बराच वेळ चघळली.

निघताना दाराशी मिनेयो बूट चढवत होती. तेइझोने उंबऱ्याबाहेर उभं राहून तिची छत्री उघडून धरली. बाहेर बारीक बर्फ पडत होतं.

“मनाला लावून घेऊ नका हं,” ती हळूच म्हणाली. “लोकांची तोंडं. हे सुद्धा घरी म्हणायचे, तेइझो मध्येच ओरडतो, माझी ओळ मोडतो. मी म्हणायचे, मग सांगा ना त्यांना. तर म्हणायचे, असू दे. एकटा माणूस आहे. तेवढीच त्याला सोबत.”

तेइझोच्या हातातली छत्री किंचित कलली. तिच्यावरचं बर्फ घसरून खाली पडलं.

“फार सांभाळून घेतलं त्यांनी मला, वहिनी,” तो म्हणाला आणि कमरेत वाकला. ती गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली तरी तो तसाच वाकून उभा होता.

थांब्यापर्यंत तो एकटाच चालत गेला. कात्सुजीला खरंच तसं वाटत होतं? की बायकोपुढे स्वतःची छाती शाबूत ठेवायला तो तसं म्हणत होता? तसं असेल तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर ती दोघांचीच राहते. त्याने एकदा असं ठरवलं, एकदा तसं. बस आली तेव्हा काहीच ठरलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी जायचं नाही, असं त्याने बुधवारी पक्कं केलं, आणि गुरुवारी तो नेहमीच्या वेळी दुकानात होता. डाव्या हाताच्या खुर्चीवर इवाओ चष्मा पुसत बसला होता. तेइझो खिडकीपाशी गेला. तिथली काच थंडगार होती. पलीकडे मासेमारीच्या बोटी बांधलेल्या दिसत होत्या.

सेत्सुकोबाई गायल्या. इवाओ पडद्यावर वाचून झील देत होता, थोडी उशिरा, पण जागेवर. तिसरी ओळ आली. ती निघाली ती सरळ, कुठेही न अडखळता, जाळं पुरं वर येईपर्यंत. कुणाला काही झाकायचं नव्हतं.

मध्यावर तेइझोची छाती भरली. त्याने ओठ उघडले आणि तो श्वास, आवाज न करता, सावकाश बाहेर सोडला. काचेवर वाफ धरली. बोटी दिसेनाशा झाल्या. त्याने ती पुसली नाही.