गेंड्याचा त्याग

वाशिमला जैन महाराजसाहेबांचा चातुर्मास होता. प्रवचनात ते म्हणाले, प्रत्येकाने चार महिने आपली सगळ्यात आवडती वस्तू सोडावी. आमच्या बाबूजींची पंचाईत झाली. कांदा-बटाटा त्यांनी कधी खाल्लाच नाही. रात्रीचं जेवण लग्नाआधीच सोडलेलं. मिठाई डॉक्टरांनी सोडवली, त्यामुळे तिचं पुण्य डॉक्टरांच्या खात्यात. तेवढ्यात शेजारच्या पुनीतकाकांनी उभं राहून एसी सोडला. "अनुमोदना!" असा कौतुकाचा घोष झाला. बाबूजींना राहवलं नाही. उठले, हात जोडले आणि म्हणाले, "गेंड्याचं पुस्तक. कार्तिक पौर्णिमेपर्यंत."

मंडपातल्या सगळ्या माना वळल्या. मग कुणीतरी हळूच "अनुमोदना" म्हणालं, कारण दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं.

गेंड्याचं पुस्तक बाबूजींना दुसरीत असताना मिळालं. कव्हर केव्हाच गेलं, जाताना नावही घेऊन गेलं. गोष्ट अशी की, एका गेंड्याच्या पाठीवर एकच केस असतो आणि तो कापून घ्यायला तो साळिंदराच्या सलूनमध्ये जातो. बस. वाशिमजवळच्या अनसिंगला आमचं किराणा दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा बाबूजी गल्ल्यावर बसून हे वाचतात. रोज त्याच जागी हसतात, आणि गेंडा दारात अडकला की आता याचं कसं होईल ही काळजीही रोज नव्याने करतात.

त्याग केल्यावर पहिल्या दुपारी ते गुळाच्या ढेपेकडे बघत बसले. दुसऱ्या दुपारीही. मग आठवणीतून गोष्ट निसटायला लागली.

"नमन, तो केस काळा होता का पांढरा रे?" त्यांनी मला विचारलं.

"सांगू?"

"नको!" त्यांनी दोन्ही कान झाकले. "ऐकनं बी वाचनंच हाये."

"मंग इचारता काहून?"

"राहवत नाई म्हनून!"

चहापत्ती घ्यायला आलेले उकंडराव हे सगळं बघत उभे होते. ते शेतकरी माणूस, बाबूजींचे शाळेपासूनचे दोस्त.

"कस्तुरशेठ, तोंड काहून उतरलं?"

"पुस्तक सोडलं."

"बिडी सोडली का असंच होते. पहिला आठवडा लय जड." त्यांनी विचार केला. "असं करा, पोराले मनातल्या मनात वाचू द्या. तुमी नुसतं त्याच्या तोंडाकडे पाहा. तोंड पाहनं काई वाचनं नाई."

बाबूजींनी आतल्या खोलीकडे बघून आवाज दिला. आतून आई, म्हणजे पानाबाई, म्हणाली, "तोंडाले बंदी नाई."

मी पोत्यावर बसलो, पुस्तकाची पाठ बाबूजींकडे करून. मीही ते लहानपणीच वाचलेलं. मला वाटलं, दोन मिनिटांत उरकेल. गेंडा दारात अडकला आणि मी सरसावून बसलो.

"अडकला," बाबूजी खुशीत पुटपुटले. मी हसलो, तेही हसले. माझ्या भुवया वर गेल्या तशा त्यांच्या गेल्या. सगळं ठीक चाललं होतं. मी पान उलटलं आणि फिस्सकन हसलो.

बाबूजी हसले नाहीत.

"कायले हसला?"

"हे पान—"

"त्या पानावर साळिंदर वस्तऱ्याले धार लावते. हसन्यासारखं तिथं काईच नाई. इतके वर्सं झाले, मी एकदा बी नाई हसलो."

"हाये न, बाबूजी."

"काय हाये?"

मी तोंड उघडलं. त्यांनी कान झाकले.

चित्राच्या कोपऱ्यात, बाकड्यावर, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून एक कासव नंबर लावून बसलं होतं. मागची पानं उलटून पाहिली तर ते पहिल्या पानापासून बसलेलं. बाबूजींनी जन्मभर नुसती अक्षरंच वाचली होती.

"पाहू," म्हणत उकंडराव वाकले आणि हसता हसता तागडीलाच धरून उभे राहिले. मग आई आली, पाहिलं, आणि तोंडाला पदर लावून आत पळाली. आतूनही हसण्याचा आवाज येत राहिला. बाबूजी आमच्याकडे सुटलेल्या बसकडे बघावं तसे बघत होते.

"उजवीकडं हाये का डावीकडं?" त्यांनी विचारलं, आणि लगेच, "नको सांगू."

मी पुस्तक मिटायला लागलो.

"मिटू नको. पुन्हा वाच," बाबूजी म्हणाले. "त्या पानावर जरा हळू."

मी पुन्हा वाचलं. त्या पानाशी ओठ दाबून धरले, तरी खांदे हलायचे ते हललेच. बाबूजी माझ्या खांद्यांकडे टक लावून बघत होते. कार्तिक पौर्णिमा सोडाच, श्रावणही अजून लागला नव्हता.