हरणीचं अंथरूण

"कोपर आवर गं, बरगडीत रुततंय," ख्मीसा माझ्या कानाशी पुटपुटली. "हरणी काही पळून जात नाहीये."

खरंच पळत नव्हती. तोच तर चमत्कार होता. आमच्या बुचाच्या झाडांच्या रानातलं हरीण माणसाची चाहूल लागली की दोन टेकड्या ओलांडतं. आणि ही तांबूस हरणी भर दुपारी, सबंध गावासमोर, गावात नव्यानं आलेल्या फकिराच्या, सी बुराउईच्या, पायाशी पुढचे गुडघे टेकून त्याच्या लोकरी झग्याची झालर चाटत होती. बायका डोळे पुसत होत्या. मग रांगेनं पुढं होऊन आम्हीही त्याच झालरीला ओठ लावायचो. मीसुद्धा लावले.

"औषध नको, सुई तर नकोच," बुराउई हात पसरून सांगायचा. "सुई टोचली की बरकत गळते. ही रानाची राणी जिथं निजते तिथले नेचे कापा, गोठ्यात अंथरा. गाभण मेंढी जुळी देईल. फक्त एक लक्षात ठेवा. ज्याच्या घरी शंका, त्याच्या घरी शिंका."

यमक जुळलं की आमच्याकडे पुरावा मिळाल्यासारखं वाटतं. नेच्यांच्या पेंढीमागे एक मडकं मध नाहीतर तेल, एवढंच त्याचं मागणं. विरक्त माणूस. महिन्याभरात गालांवर चांगलं तेज आलं.

सगळ्यांनी नेचे नेले आणि कुणाच्याच मेंढ्यांना काही झालं नाही. एकट्या मेहरेझियाच्या सोडून.

मेहरेझिया माझी शेजारीण. नवरा गेल्यावर तिनं गळ्यातलं विकून दक्षिणेच्या कोरड्या माळावरून पाच मेंढ्या आणल्या होत्या, पाचही गाभण. पोटाला दुसरा आधार नव्हता, म्हणून बिचारीनं इतरांच्या दुप्पट नेचे अंथरले. दहाव्या दिवशी चार मेंढ्या तापानं फणफणल्या, चारा सुटला. गुरांची डॉक्टर रादिया सुई घेऊन दाराशी आली, तर हिनं आतून कडी लावली. बरकत गळेल म्हणून. पुढच्या आठवड्यात चौघींनी एकेक करून मेलेली कोकरं टाकली. त्यातली एक स्वतःही गेली.

"शंका," बुराउई म्हणाला. "हिच्या मनात आहे."

गावाला तेवढं पुरलं. झऱ्यावर तिची घागर मागं सारली जाऊ लागली. ख्मीसानं तर तोंडावर सांगितलं, "आमच्या भट्टीवर भाकर भाजायला येऊ नकोस हं. तुझी शंका आमच्या पिठाला लागेल." मी तिथंच उभी होते.

मग उरलेल्या पाचव्या मेंढीलाही ताप चढला. त्या सकाळी मेहरेझिया स्वतः रादियाला घेऊन आली. सुई टोचून झाली. पोटातलं कोकरू वाचेल का, हे रादियाला सांगता येईना. तिनं एवढंच विचारलं, "हे नेचे आणले कुठून?"

दुपारी रादिया गर्दीत शिरली. "मावशी, तुमची सफसारी द्या जरा." अंगावर गुंडाळायची माझी पांढरी चादर. मी दिली. तिनं ती हरणीच्या निजायच्या जागेवर, नेच्यांवरून ओढत नेली, उलटी केली आणि आमच्यासमोर धरली. चादरीवर तिळाएवढे ठिपके चालत होते.

"गोचीड," ती म्हणाली. "चावले की यांच्या थुंकीतून बारीक जंतू रक्तात जातात. हरणांना सहसा ते जाणवतही नाहीत. पण हिचे कान बघा, गोचिडांचे घोस लोंबतायत. शेकड्यांनी शोषलीय. पायांत त्राण नाही, पळेल कशी?"

"मग आमच्या मेंढ्या बऱ्या राहिल्या त्या?" ख्मीसानं विचारलं.

"त्या इथं जन्मल्या, कोकरं असल्यापासून चावे खातायत. त्यांच्या अंगाला सवय झालीय. मेहरेझियाच्या मेंढ्यांनी हा गोचीड कधी पाहिलाच नव्हता. त्यांना तुम्ही गाभणपणी याच्या गादीवर निजवलंत."

बुराउई हसला. "आणि ही माझ्यापुढंच का झुकते, डॉक्टरीणबाई? आहे तुझ्या पुस्तकात?"

रादिया कधी त्या रांगेत उभी राहिली नव्हती. आम्ही राहिलो होतो. उघडी मूठ पुढं केली की जनावर कशासाठी मान खाली घालतं, हे आमच्यातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, आणि जी ती आपापल्या चपला बघत होती. देवानं दिलेली जीभ आम्ही दातांमागे कोंडली आणि एका बाईची चार कोकरं घालवली. तुम्हीही कधीतरी अशा रांगेत उभे राहाल. तेव्हा जे कळेल ते तिथंच, मोठ्यानं सांगा. नाही सांगितलंत तर भोगेल तुमची शेजारीण.

मेहरेझिया पुढं झाली. तिचा स्पर्श नको म्हणून गर्दीनं वाट दिली. तिनं ती वाळून कडक झालेली झालर चिमटीत धरली.

"मीठ लावलंय हिला," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी मला खारट लागलं होतं. तुम्हा सगळ्यांनाही लागलं होतं."