कँडिडेट पद्मीनबाई

‘कँडिडेट’ हा शब्द तुम्ही आजवर असंख्य वेळा उच्चारला असेल; पण तो उच्चारताना तुमच्या डोळ्यांसमोर नेमकं कोण उभं राहतं, हे कधी स्वतःला विचारलं आहे का? माझ्या डोळ्यांसमोर कोळशावर फुंकर घालणारी एक बाई येते. पौषातली धुकट सकाळ, पितळी इस्त्रीचं उघडं झाकण, आत राखेची साय धरलेले बाभळीचे निखारे. ती ओठांचा चंबू करते, राख उडते, निखारा लाल होतो आणि त्या उजेडात तिच्या कपाळावरच्या रेषा क्षणभर उमटून मिटतात. मग ती इस्त्री गालाजवळ नेते. गालाला टेकवत नाही, पण इतकी जवळ नेते की पाहणाऱ्याचा श्वास अडकावा. धग किती आली आहे हे ती गालाला विचारते, आणि गालाने होकार दिला की इस्त्री कापडावर ठेवते.

पद्मीनबाई आमच्या गावची. शिरूर अनंतपाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एसटी थांब्याच्या मागे, कडुलिंबाखाली तिचं लाकडी टेबल आहे. नवरा गेल्यापासून परटाच्या त्या घराचा सगळा भार ह्या टेबलाने आणि तिच्या उजव्या खांद्याने उचलला. अंगावर काजळी रंगाचं इरकली लुगडं, मनगटांवर वाफेने उमटलेले फिकट चट्टे, आणि बोटांच्या टोकांना नेहमी पाण्याचा ओलावा. ती बोटं झटकते, थेंब कापडावर पडतात, इस्त्री फिरते, चर्र असा बारीक आवाज येतो. लहानपणापासून माझ्यासाठी हिवाळ्याचा आवाज हाच आहे. गावातल्या प्रत्येक घराची खूण ती कपड्याच्या आतल्या बाजूला बिब्ब्याच्या रसाने करते. कुणाला दोन ठिपके, कुणाला फुली, कुणाला चंद्रकोर. कितीही धुतली तरी ती खूण जात नाही. अख्खं गाव असं उलटं होऊन तिच्या टेबलावर पडलेलं असतं, आणि ती कुणाला काही न बोलता त्याच्या सुरकुत्या काढत असते.

आता शब्दाकडे येते. लातूरच्या क्लासच्या गल्लीत हॉलतिकीट हातात धरून फिरणारं प्रत्येक लेकरू कँडिडेट असतं. नांदेडला मुलाखतीसाठी बाकावर ताटकळणारा तरुण कँडिडेट असतो. सोयरीक जमवणारा मामासुद्धा ‘आपल्याकडं एक चांगला कँडिडेट हाय’ असं सांगून चहा पिऊन जातो. देगलूरच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणारे तिघेही हा एक शब्द न अडखळता वापरतात. पण निवडणूक लागली की बाकीचे सगळे अर्थ मुकाट्याने बाजूला सरतात आणि शब्द खळ घातल्यासारखा ताठ होतो. मग कँडिडेट म्हणजे पांढराशुभ्र नेहरू शर्ट, जोडलेले हात आणि मागे चालणारी माणसं. जागा बाईसाठी राखीव असली तरी चित्र बदलत नाही. फलकावर कोपऱ्यात पदर घेतलेला एक चेहरा येतो, आणि मधोमध तोच शर्ट, तेच हात, तिच्या नवऱ्याचे.

नांदेडला शिकत असताना एका जाड कोशात ह्या शब्दाचं मूळ मला सापडलं. प्राचीन रोममध्ये पद मागायला निघालेला माणूस आपला झगा खडूने पांढराफेक करून चौकात फिरायचा. त्या पांढऱ्या वस्त्रातल्या माणसाला लॅटिनमध्ये ‘कान्दिदातुस’ म्हणत. इंग्रजांनी तोच शब्द उचलला. मूळ अर्थ लखलखीत, स्वच्छ, पांढरा. मनात काही न ठेवता बोलणारा तो ‘कँडिड’, तोही याच घराण्यातला. मेणबत्तीची ‘कँडल’ही त्यातलीच. आणि भाषांची कुळं शोधणारे सांगतात की आपला चंद्र हासुद्धा त्याच प्राचीन धातूचा दूरचा भाऊ. एवढा उजेड पोटात घेऊन हा शब्द आपल्यापर्यंत आला, आणि आपण त्याला कुठे नेऊन बसवलं, ह्या विचाराने मला संताप येतो.

हे सगळं मी पद्मीनबाईला सांगितलं तेव्हा ती एका सदऱ्याची बाही ताणत होती.

“म्हंजी तिथंबी आधी परीटच लागत हुता म्हण की,” ती म्हणाली. बाही उलटली, थेंब उडवले, आणि हात न थांबवता विचारलं, “पोरी, त्या परटाला कुणी इचारलं का गं, तू हुबा ऱ्हातूस का म्हून?”

कोशात ते नव्हतं.

तिच्या त्या प्रश्नाला कारण होतं. आदल्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक झाली होती. यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव. बैठकीला गावातले झाडून सगळे पुरुष होते आणि बाई एकही नव्हती. आबा म्हणजे आमच्या गावचे जुने पुढारी. देवळापुढे सभामंडप बांधून देतो असं त्यांनी कबूल केलं आणि त्यांच्या मंडळींचं, म्हणजे बायकोचं, नाव ठरलं. निवडणूक बिनविरोध. टाळ्या झाल्या. ह्याला गावाने एकोपा म्हटलं. मी लिलाव म्हणते. पद्मीनबाई तेव्हा डोक्यावर कपड्यांचं बोचकं घेऊन पारापुढून चालली होती. कुणी तिला थांबवलं नाही, कुणी वर पाहिलं नाही. चार दिवसांनी ती तहसीलला जाऊन अर्ज भरून आली. तिला कुणी अडवलं नाही, कारण ती असं काही करील हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी तीनच्या आत तिने तहसील कार्यालयात जाऊन सही केली की तिचं नाव मिटणार आणि गाव बिनविरोध होणार होतं. हलगीवाले बोलावले होते, हार आले होते. आणि योग असा की मिरवणुकीत घालायचा आबांचा पांढरा नेहरू शर्ट आणि पायजमा कालपासून पद्मीनबाईच्याच टेबलावर होता. दुसरीकडे कुठे असणार?

ऊन लिंबाच्या शेंड्यावरून बुंध्याकडे सरकलं तेव्हा मी टेबलाशेजारीच उभी होते. जीप आली. आबा पुढे बसलेले. मागे तिचा मुलगा गणेश, जो शिरूरला रिक्षा चालवतो. त्याला ते वाटेतून उचलून घेऊन आले होते. इंजिन चालूच ठेवलं होतं.

“चल पद्मीन,” आबा खाली न उतरता म्हणाले. “सही कर. घडीभरात परत आणून सोडतो.”

“तुमचेच कपडे करून राहिले आबा. अर्धे टाकून कशी येऊ?”

थांब्यावरची दोनचार माणसं हसली. आबाही हसले. “कर की. गाडी थांबती.”

गणेश खाली उतरून टेबलाजवळ आला. त्याचा आवाज दबलेला होता. “आई, गावाशी वैर घिऊन खायाचं काय? उंद्यापून एक कापड येणार न्हाई हितं. समद्यांनी ठरीवलंय.”

“मग तुझ्याच शर्टाला करीन की दिसभर इस्त्री. तसाबी चुरगळलेलाच घालून हिंडतूस.”

तो हसला नाही. मीही हसले नाही. त्याने सांगितलं ते खरं होतं. हे टेबल रिकामं झालं तर तिच्या चुलीवर काय शिजणार, हा प्रश्न आम्हा तिघांच्या मध्ये धगधगत होता आणि त्यावर बोटं झटकून उडवायला पाणी कुणाकडे नव्हतं.

तिने कॉलर घेतली. कॉलरच्या टोकाकडून मध्याकडे, मग दुसऱ्या टोकाकडून मध्याकडे, जशी ती नेहमी करते. मग खांदे. मग पाठ, जिच्यावरून इस्त्री नांगरलेल्या रानावरून सावली सरकावी तशी सरकत गेली. जीपचा आवाज एकसुरी चालू होता, त्याच्या थरथरीने टेबलावरच्या वाटीतलं पाणी बारीक कापत होतं. वारा पडला होता. पलीकडच्या वावरात तूर झोडपत होते. काठीचा एक एक फटका स्पष्ट ऐकू यायचा, आणि दोन फटक्यांमधलं अंतर मला लांबत चालल्यासारखं वाटायचं. माझ्या पिशवीत तिच्या नावाची पत्रकं होती. ती मीच लिहिली होती, शिरूरला छापून आणली होती. पण त्या घटकेला त्यातलं एकही वाक्य मला तिच्या हाताएवढं धीराचं वाटलं नाही.

“लई हळू चालून राहिली आज इस्त्री तुझी,” आबा म्हणाले.

“पांढऱ्याला घाई चालत न्हाई आबा. एक डाग पडला तर मिरवणुकीत लोक तेवढाच बघतील.”

आता आबा उतरले. चपलेचा आवाज न करता ते टेबलाशी आले, एक हात कडेवर टेकवला, आणि इतक्या हलक्या आवाजात बोलले की तो आवाज मायेचा वाटावा. “तुला काय पायजे ते सांग. गणेशचं काही करायचं का? मोकळ्या मनानं बोल.”

इस्त्री पहिल्यांदा थांबली. तिने ती उभी करून ठेवली, कापड जळू नये म्हणून.

“मला बैठकीला बोलवायचं हुतं.”

“ते आता कसं जमंल? झालं ते झालं.”

“मग हे बी होऊन जाऊ द्या.”

आबांच्या चेहऱ्यावरचं स्मित तसंच राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस आत निघून गेला. ते जीपकडे वळता वळता म्हणाले, “तीननंतर माझ्या दाराला येऊ नको मग. कशालाच.” आणि गाडीत बसले. गेले मात्र नाहीत. त्यांना अजूनही खात्री होती. माणसाला आयुष्यभर सगळ्यांनी हो म्हटलं की नकार त्याला केवळ उशीर वाटतो.

पायजमा राहिला होता. तिने तो पसरला. एका पायाला इस्त्री झाली. ऊन टेबलाच्या कडेवर आलं, तिच्या मनगटावर चढलं, कोपरापर्यंत गेलं. ती ना जीपकडे पाहत होती, ना माझ्याकडे, ना आपल्या मुलाकडे. घामाचा एक थेंब तिच्या हनुवटीवर येऊन लोंबकळत राहिला. पांढऱ्यावर पडू नये म्हणून तिने तो खांद्याने पुसला. तिला भीती वाटत होती हे मी तेव्हा ओळखलं. तो खांदा थरथरत होता. ज्या खांद्याने इतकी वर्षं इस्त्री ओढली, तो रिकामा असताना थरथरत होता, आणि इस्त्री हातात घेतली की स्थिर होत होता.

मग ड्रायव्हरने मोबाइलवर वेळ पाहिली. तीन वाजून गेले होते. कुणी न सांगता त्याने इंजिन बंद केलं.

इतकी शांतता मी आमच्या थांब्यावर कधी ऐकली नव्हती. वाटीतलं पाणी निश्चल झालं. पद्मीनबाईने कपड्यांची घडी घातली, वर्तमानपत्रात गुंडाळली, आणि दोन्ही हातांवर ठेवून पुढे केली. “घ्या आबा. कपडे तुमचे. अर्ज माझा.”

आबांनी हात पुढे केला नाही. गणेशने ती घडी घेतली, जीपच्या मागच्या सीटवर नीट ठेवली, दार लावलं. आणि स्वतः गाडीत बसला नाही. जीप गेल्यावर तो धुळीत तसाच उभा राहिला, मग टेबलाखालचं पाण्याचं भांडं उचलून हापशाकडे भरायला गेला.

संध्याकाळी गाव आलं. एकेका घरातून कुणीतरी येई, नजर टाळून आपले कपडे मागे, आणि गणेश आतल्या खुणा पाहून काढून देई. ठिपके गेले, फुल्या गेल्या. इस्त्री न झालेले कपडे चुरगळलेल्या गठ्ठ्यांनी परत जात होते, आणि टेबलाचं लाकूड हळूहळू उघडं पडत होतं. शेवटी शेजारची कासाबाई आली. ती घुटमळली. “मालकांनी न्यायला सांगितलं म्हून आले गं,” ती पुटपुटली. “मताच्या मशीनच्या आडोशाला काय मालक येत न्हाईत.” पद्मीनबाईने कासाबाईचं बोचकं घेतलं आणि त्याची गाठ आणखी घट्ट बांधून दिली.

मतदान अजून व्हायचं आहे. ती हरेल कदाचित. गेले काही दिवस तिच्या टेबलावर गणेशच्या शर्टाशिवाय कापड नाही. तरी ती सकाळी कोळसे पेटवते, कारण ते विझलेले पाहायची तिला सवय नाही. दिवस वर आला की पत्रकं घेऊन घरोघर जाते, आणि ज्या उंबऱ्यांवर ती आजवर बोचकं ठेवून मागे वळायची तिथे आता थांबते, बसते, बोलते. काही दारं लागतात. काही लागत नाहीत.

आजूबाजूच्या गावांत मात्र ‘बिनविरोध’ असे अभिनंदनाचे फलक जागोजागी झळकत आहेत. त्यांवर जिंकलेल्यांची नावं आहेत, नवऱ्यांचे फोटो आहेत, शुभेच्छुकांच्या रांगा आहेत. तिथे ज्या बाईने अर्ज भरला होता आणि शेवटच्या दुपारी मागे घेतला, तिचं नाव कुठेही नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या गावात असा फलक लागला असेल तर आज त्याच्याखालून नुसते पुढे जाऊ नका. तिचं नाव विचारा, तिचं घर शोधा, आणि त्या दुपारी काय घडलं ते तिच्या तोंडून ऐकून घ्या. छापलेली नावं उन्हाने विटतात, पुसट होतात, तरी काळाजवळ त्यांचा काही माग उरतो. जे नाव छापलंच गेलं नाही त्याला विटायलाही जागा नसते. त्याला राहायला कुणाची तरी आठवण लागते. ती तुमची असू द्या.